पाना आणि क्रोशा

(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुसऱ्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आणि विषय दिला ‘माझं काम’. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर पडद्यासमोर बसणं हे माझं काम. त्यावर वीस मिनिटं बोलले तर जेवणाआधीच तुमचा डोळा लागेल. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी विषय बदललाय. मी एका सायकलबद्दल बोलणार आहे. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, चौदा महिन्यांचे रविवार खर्चून, ती मी पूर्ण उघडली आणि पुन्हा जोडली. हा विषय याच सभागृहात का मांडायचा, तेही सांगते, कारण शेवटी तुमच्याकडे माझं एक मागणं आहे.

सायकल माझ्या आईची. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती पाहिली आहे. काळी, उंच, लेडीज सायकल, मागच्या चाकावर दोन्ही बाजूंना जाळी, आणि कॅरियरवर तपासायच्या वह्यांची पिशवी. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. १९७३ला नोकरी लागली, शाळा सांगलीपासून सहा किलोमीटरवरच्या गावात. एसटी होती, पण शाळेच्या वेळेशी तिचं जमायचं नाही. म्हणून १९७४ साली शिक्षकांच्या सोसायटीचं कर्ज काढून तिने ही सायकल घेतली. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पगारातून घेतलेली तिची ती पहिली वस्तू. १९९३ला शहरातल्या शाळेत बदली झाली, तोपर्यंत एकोणीस वर्षं ती सायकल रोज चालली. १९८१ आणि १९९१च्या जनगणनेची कामंही तिने याच सायकलवरून केली.

सायकलीचा मेक सेन-रॅले. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीबरोबर भागीदारी करून बंगालमध्ये आसनसोलला १९५०च्या दशकात हा कारखाना उभा राहिला. पुढे तो सरकारच्या ताब्यात गेला आणि आता बंद आहे. त्या काळात अशा जोड्या बऱ्याच होत्या. मद्रासला टीआय सायकल्सने इंग्लंडच्या कंपनीबरोबर हर्क्युलस काढली. सोनीपतला अ‍ॅटलास, लुधियान्याला हिरो, हे मात्र आपले स्वतःचे. रॅलेची खूण म्हणजे बगळा. हँडलखालच्या पितळी बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं असतं. लहानपणी मला वाटायचं, आईची सायकल कृष्णेकाठची असल्यामुळे तिच्यावर बगळा काढलाय.

इंजिनिअरला आकडे लागतात, तेव्हा एक हिशेब सांगते. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की चाकाचे साधारण अडीच फेरे होतात. चाक २८ इंची. एका पायडलला सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. शाळा सहा किलोमीटर, म्हणजे जाताना अकराशे पायडल, येताना अकराशे. वर्षाला २२० दिवस धरले तर एकोणीस वर्षांत ५० हजार किलोमीटर होतात. पृथ्वीला विषुववृत्तावरून एक फेरी मारायला ४० हजार लागतात. आई आयुष्यात कधी विमानात बसलेली नाही, पण पृथ्वीला फेरी मारून वर दहा हजार किलोमीटर तिच्या नावावर आहेत. पायडल मारले असतील, उतार वजा करूनही, ऐंशी लाखांच्या आसपास. हा हिशेब मी तिला सांगितला तेव्हा ती म्हणाली, “म्हणूनच गुडघे गेले.”

आता २०१९चा ऑगस्ट. त्याबद्दल सांगलीकरांना मी काय सांगणार! आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या घरात ते पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत होतं. सायकल मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभी होती, ती आठवडाभर पाण्याखाली राहिली. पाणी ओसरल्यावर प्रत्येक घरापुढे गाद्या, कपाटं, वह्या यांचे ढीग लागले होते, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. त्या ढिगात सायकलही होती. भंगारवाल्याने ती तराजूला लावायला उचलली. वीस किलोच्या आसपास लोखंड. आई तोपर्यंत सगळं मुकाट्याने बाहेर टाकत होती. लग्नातली भांडी गेली, गाद्या गेल्या, तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. सायकल उचलली तेव्हा मात्र ती म्हणाली, “ती ठेव.” एवढंच. भंगारवाल्यानेही बिचाऱ्याने काही न बोलता ती परत भिंतीला टेकवली.

त्या दिवाळीत आईला मी पुण्याला आणलं, आणि टेम्पोत तिच्या सामानाबरोबर सायकलही आली.

माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे. पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानसीने घासून काटकोनात आणलाय. पण सायकलचा कोन किती आवळायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आईने पन्नास हजार किलोमीटर सायकल चालवली, पण तिनेही कधी पाना हातात धरला नव्हता. सायकल बिघडली की गणपती पेठेजवळच्या चाचांच्या दुकानात नेऊन सोडायची, संध्याकाळी घेऊन यायची. दुकानात बसायला बाक होता, पण त्यावर बाई बसलेली मी कधी पाहिली नाही. वर्षातून एकदा सायकल ‘ओव्हरऑइल’ व्हायची. मूळ शब्द ओव्हरहॉल, पण सगळं उघडून, धुऊन, तेल घालून जोडतात म्हटल्यावर आपला शब्दच जास्त बरोबर वाटतो.

सुरुवात मी माझ्या धंद्यातल्या सवयीने केली. दुसऱ्याने लिहिलेला जुना प्रोग्रॅम हातात आला की आम्ही आधी त्यात काही बदलत नाही, तो जसा आहे तसा जपून ठेवतो. इथे प्रत्येक भाग काढण्याआधी त्याचा फोटो काढला, आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या: ‘पुढचं चाक, डावी बाजू’, ‘चिमटा, वरचा कप’. वायसर कुठल्या क्रमाने निघाले तेही लिहून ठेवलं. पंधरा दिवसांत बाल्कनीत सत्तावीस डबे झाले आणि घरात श्रीखंड बंद झालं.

पहिली अडचण कॉटर पिनची. जुन्या सायकलीत पायडलची दांडी म्हणजे क्रँक, आणि मधला एक्सल, हे दोन्ही एका पाचरीने अडकवलेले असतात. ती पाचर म्हणजे कॉटर पिन. ती एकोणीस वर्षं दाबली गेलेली, मग पुरात गंजलेली. हातोडीने ठोकली तर धक्का थेट आतल्या छर्‍यांवर जातो आणि कपाला खड्डे पडतात. तिला सरळ रेषेत, सावकाश दाबून काढायला हवं होतं, आणि त्यासाठीचं हत्यार बाजारात मिळेना.

मी आपल्या वर्गाच्या ग्रुपवर विचारलं. आपल्याच वर्गातल्या, कुपवाडच्या एमआयडीसीत वर्कशॉप असलेल्या एका मित्राने फक्त एवढंच विचारलं, “पिनचा व्यास?” मी कॅलिपरने मापून साडेनऊ मिलिमीटर सांगितला. चौथ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या बसने एक पार्सल आलं. जाड पट्टीचा इंग्रजी यू अक्षरासारखा आकडा, एका बाजूला दाबायला बोल्ट, दुसऱ्या बाजूला पिन बाहेर यायला पोकळ बूश. दोन दिवस तेल सोडून ठेवलेली पिन त्यात धरली, बोल्ट आवळत नेला, आणि बंदुकीसारखा आवाज होऊन ती सुटली. शेजारचे बाहेर आले. मित्र आत्ता तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसलाय. त्याने त्या हत्याराचे पैसे घेतलेले नाहीत, हे मी सगळ्यांसमोर सांगते.

जोडताना कॉटर पिना एकमेकींच्या विरुद्ध दिशेने घालायच्या असतात. एकीची नट वर आली तर दुसरीची खाली. दोन्ही एकाच बाजूने घातल्या की पायडल एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडल्यासारखी चालते. हे मला चाचांनी फोनवर सांगितलं. चाचा आता सत्तरीच्या पुढे आहेत. दुकान मुलगा बघतो, तो सायकलींपेक्षा जास्त मोटरसायकली दुरुस्त करतो. आईचं नाव सांगितल्याबरोबर त्यांनी विचारलं, “जाळीवाली रॅले? तिच्या मागच्या रिंगला मी ८८ साली बारा स्पोक घातलेत.” माझ्याकडच्या सगळ्या फोटोंपेक्षा जुनी नोंद त्यांच्या डोक्यात होती.

चाचांचा आणखी एक नियम: डावं पायडल उलटं. म्हणजे डाव्या पायडलचे आटे डावे असतात, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की ते आवळतं. असं का, हे बऱ्याच इंजिनिअरांनाही सांगता येत नाही, म्हणून इथे एक प्रयोग करू. समोरचं पेन घ्या. एका हाताची मूठ सैल ठेवा, पेन मुठीत उभं धरा आणि दुसऱ्या हाताने पेनचं टोक गोल फिरवा. टोक ज्या दिशेने फिरतंय, त्याच्या उलट दिशेने पेन स्वतःभोवती फिरताना जाणवेल. सरांनी करून पाहिलं, धन्यवाद सर! पायडलचा एक्सल क्रँकच्या भोकात असाच, डोळ्यांना दिसणार नाही इतका, घसटत फिरतो. दोन्ही बाजूंना सरळ आटे दिले असते, तर चालवता चालवताच डावं पायडल सुटून खाली पडलं असतं. डावे आटे दिले की तेच घसटणं त्याला आणखी आवळतं. पायडल सुटू नये याची तजवीज ज्याने कोणी केली, त्याने एक पैसाही जास्त खर्च केला नाही, फक्त आटे फिरवले. माझ्या तीस वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये इतकी स्वच्छ युक्ती मी क्वचित पाहिली आहे.

मग गंज. पुराच्या गाळाने कपांच्या आत सिमेंटसारखा थर धरला होता. मधल्या एक्सलला प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा छर्रे असतात. बावीसपैकी एकही वापरण्यासारखा निघाला नाही. पण कप घासून स्वच्छ केले तर आतली चकाकी शाबूत होती. क्रोमच्या भागांसाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिड वापरलं. लिटरभर पाण्याला दोन चमचे. त्यात भाग बुडवून ठेवले की गंज विरघळून पाणी पिवळट होतं आणि खालचं क्रोम वर येतं. कुणी करणार असेल तर हातमोजे घाला, उघड्यावर करा, मुलांपासून लांब ठेवा, कारण ते विष आहे. नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करायचं, नाहीतर एका रात्रीत नवा गंज चढतो. हलक्या गंजाला याची गरजही नसते. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासला तरी हँडल चमकतं. सांगाड्याच्या नळ्यांच्या जोडांवर बोटाने टिचकी मारत गेले. आतून कुजलेली नळी भद्द वाजते, धडधाकट नळी खणखणते. सगळ्या नळ्या खणखणल्या.

एवढ्यात २०२०चा मार्च आला आणि सगळं बंद झालं. तोपर्यंत चाकांवर येऊन पोचले होते. पुढच्या चाकाला ३२ स्पोक, मागच्याला ४०, एकूण ७२. जुन्या रोडस्टर सायकलींचं हे ठरलेलं माप आहे. वजन मागे जास्त म्हणून स्पोकही मागे जास्त. सायकल उलटी करायची, चिमट्याला खडू टेकवून धरायचा आणि चाक फिरवायचं. रिंगला जिथे खडू लागेल तिथे चाक आउट. त्या जागेच्या विरुद्ध बाजूचा स्पोक पाव फेरा आवळायचा, पुन्हा फिरवायचं. मागच्या चाकाचा आउट काढायला मला तीन रविवार लागले. चाचांचं हेच काम पंधरा मिनिटांचं.

आणि आउट निघाला तरी चाक कुरकुरत होतं. चाचांना फोन केला. ते म्हणाले, “फोन एक्सलजवळ धर आणि चाक सोड.” त्यांनी दोन फेरे ऐकले. “डाव्या बाजूला एक छर्रा मेलाय.” कोन उघडला. डाव्या बाजूच्या नऊ छर्‍यांपैकी एकाचा टवका उडाला होता. दोनशे चाळीस किलोमीटरवरून, फोनवरून, त्या माणसाने एक छर्रा ओळखला. आमच्याकडे असं निदान करणाऱ्याला कंपनी काय पगार देते, ते मी इथे सांगत नाही.

चाक बरोबर बसलं की नाही याची त्यांची परीक्षाही ऐका. कोन हाताला अडकेपर्यंत आवळायचा, मग जरासा मागे घ्यायचा आणि वरची नट घट्ट करायची. चाक हलकेच सोडून द्यायचं. ते झोके घेत घेत थांबायला हवं, आणि थांबताना व्हॉल्व्हची बाजू आपोआप खाली यायला हवी. व्हॉल्व्हचं तेवढंसं वजनही जर चाक फिरवू शकत असेल, तर आत काही अडत नाही. कुठलंही मीटर नको, कुठलाही रिपोर्ट नको.

त्याच जूनमध्ये, तीन तारखेला, जागतिक सायकल दिनाच्या दिवशीच, अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना थांबल्याची बातमी आली. नव्या छर्‍यांनी भरलेला कप हातात घेऊन मी ती बातमी वाचली. पण दुकानं उघडल्यावर मला २८ बाय दीडचे टायर मिळाले, ट्यूब मिळाली, कॉटर पिना मिळाल्या, ब्रेकची रबरं मिळाली. माझ्या आईच्या सायकलीचा कारखाना केव्हाच बंद पडला, तरी तिचे भाग आजही गल्लीतल्या दुकानात मिळतात, कारण या सायकलींची मापं सगळ्यांची एकच होती आणि कुणी ती लपवली नाहीत. माझ्या हातातला फोन उघडायचा म्हटलं तर त्याला स्क्रूसुद्धा दिसत नाही.

राहिली जाळी. लेडीज सायकलच्या मागच्या मडगार्डच्या कडेला ओळीने बारीक भोकं असतात. त्यातून दोऱ्याची जाळी पंख्यासारखी एक्सलपर्यंत उतरते. पदर, ओढणी, वेणी चाकात जाऊ नये म्हणून. आईने एकोणीस वर्षं साडी नेसून सायकल चालवली ती या जाळीच्या भरवशावर. पुरात जाळी कुजली होती. अशी जाळी आता कुणी विकत नाही. चाचांकडे नव्हती, कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये होण्यासारखी नव्हती.

इथे मला आठवीचा वर्ग आठवला. आठवीत कार्यानुभवाच्या तासाला आपल्या दोन रांगा व्हायच्या. मुलगे वर्कशॉपकडे, मुली शिवणाच्या वर्गाकडे. खिडकीतून कानसीचा आणि करवतीचा आवाज यायचा आणि आम्ही क्रोशाची सुई घेऊन साखळी मोजत बसायचो. मला त्या आवाजाकडे जायचं होतं. तसं मी विचारलंही होतं, आणि तेव्हा ज्या काळाची जी पद्धत, तेच उत्तर मिळालं. त्याबद्दल आज तक्रार नाही. पण गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढची गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

कारण ती जाळी मी क्रोशाने विणली. नायलॉनचा काळा दोरा घेतला. मडगार्डच्या प्रत्येक भोकातून एक साखळी, मग खांब, मग खाली जाताना टाके कमी कमी करत पंख्याचा आकार. जाळी ताणलेली हवी, पण स्पोकला घासता कामा नये. आपल्या शिवणाच्या बाई म्हणायच्या, दोरा बोटात एकसारखा धरा, टाका आपोआप एकसारखा येतो. बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. तुमच्या वर्गात मी कंटाळून केलेला रुमाल तुम्ही पुन्हा उसवायला लावला होता. ती एकसारखी ओढ हातात राहिली. दोन्ही बाजूंच्या जाळ्या चार रविवारांत झाल्या, आणि आजपर्यंत एक टाका सुटलेला नाही.

तेव्हा बाल्कनीत बसून माझ्या लक्षात आलं की ही सायकल उभी राहायला वर्कशॉपचा वर्गही लागला आणि शिवणाचा वर्गही. कॉटर पिन काढायचं ज्ञान एका रांगेत गेलं आणि जाळी विणायचं दुसऱ्या रांगेत. सायकल मात्र एकच होती. आणि दोन्ही वर्ग ज्यांना बाहेरूनच पाहावे लागले, त्या चाचांना दोन्हीपेक्षा जास्त येत होतं.

शेवटचा प्रश्न रंगाचा. माझ्या भावाने फोनवर सांगितलं, “पावडर कोटिंग करून टाक, पिस्ता रंग मस्त दिसेल, हॉलमध्ये भिंतीला लावू.” पुण्यातल्या अनेक हॉटेलांत आता अशा सायकली भिंतीवर टांगलेल्या दिसतात. मी आईला विचारलं. ती म्हणाली, “मला माझी सायकल पाहिजे, तिची बहीण नको.” मग आम्ही एक नियम ठरवला. ज्याने काम अडतं ते बदलायचं, जे नुसतं जुनं दिसतं ते ठेवायचं. टायर, ट्यूब, चेन, छर्रे, ब्रेकची रबरं, कॉटर पिना आणि चौदा स्पोक बदलले. रंग फक्त धुतला आणि मेण चोळलं. मेण चोळल्यावर मडगार्डवरची सोनेरी रेघ अर्धी अर्धी दिसायला लागली. पुढच्या मडगार्डचा पोचा ठेवला. कॅरियरवर दोन ठिकाणी रंग घासून लोखंड दिसतं, तिथे माझी आणि भावाची छोटी सीट बांधलेली असायची. तेही ठेवलं, फक्त वरून तेलाचा हात दिला. सगळा खर्च पाच हजारांच्या आत.

जानेवारी २०२१मध्ये सायकल खाली पार्किंगमध्ये उतरवली. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, तिला चालवता येणार नव्हती. तिने हँडल धरलं आणि सायकल हाताने चालवत सोसायटीला एक फेरी मारली. मला वाटलं ती काहीतरी मनातलं बोलेल. ती म्हणाली, “मागचा ब्रेक उशिरा लागतोय. सीट एक बोट वर घे.” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी पाना आणला. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, “दे, मला दाखव कसं करायचं.” सत्तराव्या वर्षी आईने तिच्या सायकलीची पहिली नट स्वतः आवळली.

सायकल भिंतीवर लागली नाही. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. आजीने तिला सायकल दिली, पण एका अटीवर: आधी पंक्चर काढून दाखवायचं, मग घेऊन जायची. ट्यूब पाण्याच्या बादलीत धरून बुडबुडे शोधणं, पॉलिश पेपरने घासणं, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत दम धरणं, यातलं दम धरणं तिला सगळ्यात अवघड गेलं. आता ती याच सायकलवरून कॉलेजला जाते. जाळी आहे तशीच आहे, फक्त आता साडीऐवजी ओढणी सांभाळते.

आता माझं मागणं. तीस वर्षांनी आपण सगळे जमलो आहोत आणि शाळेला काहीतरी भेट द्यायचं घाटत आहे. सकाळी कमान, घड्याळ, पाण्याचं मशिन अशी नावं पुढे आली. त्यात माझं एक नाव धरा: सायकल स्टँडशेजारी एक दुरुस्तीचं टेबल. त्याला एक व्हाइस, पान्यांचा एक संच, पक्कड, हातोडी, स्पोकचा पाना, पंक्चरचं सामान, एक मोठा पंप. आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सुई, दोरा, क्रोशा, एक शिवणयंत्र. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर महिन्यातून एकदा, आठवीचा अख्खा वर्ग, एकाच रांगेत. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांतल्या आठवीपासूनच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. ही फार चांगली गोष्ट आहे. पण सायकल बिघडली की ती दुसऱ्याच्या दारात सोडून वाट बघत बसायला लागू नये, एवढं तरी शाळेने शिकवावं असं मला वाटतं.

शिकवायला कोण, हा प्रश्न मुख्याध्यापकांनी मघाशी विचारला. चाचांशी मी बोलले आहे. मानधन द्यायचं, रिक्षा पाठवायची, आणि त्यांच्यासाठी एक चांगली खुर्ची ठेवायची. ते म्हणाले, “मुली येणार असतील तर येतो, पोरं काय, ती कुठेही शिकतात.” क्रोशासाठी बाईंना मी आत्ता, सगळ्यांसमोर विचारते. टेबलासाठी लागणारं लोखंडकाम कुपवाडहून येईल, असं तिसऱ्या रांगेतून मान डोलावून सांगितलं गेलंय. पहिल्या वर्षाच्या खर्चातला माझा वाटा मी आजच खजिनदारांकडे देते आहे. बाकीच्यांनी जेवणाच्या रांगेत त्यांना गाठावं.

वीस मिनिटांची एकवीस झाली, त्याबद्दल संयोजकांची माफी मागते.